कल्चर सोडूनही ट्रेमधला तरू खुंटतोय? आधी मुळं धुऊन बघा

कोबी, टोमॅटो आणि मिरचीचा तरू, म्हणजे लावणीची रोपं, मी बेळगावजवळच्या कडोली भागात बारा वर्षं करतोय. दरवर्षी मृगाच्या तोंडावर आणि पुन्हा दिवाळीच्या आधी एकच तक्रार दारात येते. गाडीच्या मागं कुणीतरी ट्रे मांडीवर धरून बसलेलं असतं आणि उतरायच्या आधीच सुरू होतं, "काका, बाटली आणून सोडली की ओ. तरीबी तरू हाय तितकाच हाय."

बाटली म्हणजे जिवाणूंचं कल्चर. ॲझोस्पिरिलम, ॲझोटोबॅक्टर, स्यूडोमोनास, बॅसिलस यातलं एखादं, नाहीतर सगळ्यांची भेळ. हे जिवाणू मुळापाशी राहतात आणि वाढीचं संप्रेरक सोडतात, असं दुकानात सांगितलेलं असतं. ते खोटं नाही. पण मी पहिला प्रश्न बाटलीचा विचारत नाही. "कल्चर न सोडलेला ट्रे कुठाय?" हे विचारतो. दहातल्या नऊ जणांकडं तो नसतो. सगळ्या ट्रेंना एकाच दिवशी एकाच झारीनं सोडलं, तर बिघडलं काय आणि सुधारलं काय, कशावरून ठरवणार?

लक्षणं

एक: काहीच फरक नाही. पंधरा दिवस झाले, रोप दोन पानांवर आहे, रंग बरा आहे, पण हलत नाही.

दोन: रोप बुटकं, पानं जाडसर आणि गडद किंवा कडेनं करपलेली. उपटलं की मूळ आखूड आणि जाड, टोक तपकिरी. याला मी खुंट म्हणतो.

तीन: रोप लांबट, फिकट, वाऱ्यानं लोळणारं. इथं बरेच लोक खूश होतात, "कल्चर चाललं" म्हणतात.

चार: खोड कोकोपीटलगत (ट्रेमध्ये भरतो तो नारळाच्या काथ्याचा भुसा) सुतासारखं बारीक होऊन रोप आडवं पडतं आणि शेजारच्या कप्प्यांतलीही पडायला लागतात. तुमचं हे असेल तर खालचं काही वाचत बसू नका. ती बुरशी आहे. थेट शेवटच्या भागाकडं जा.

मुळं धुवा. याला एक पैसा लागत नाही.

कोबी, टोमॅटोचं रोप आठव्या ते दहाव्या दिवशी बघायचं. अठरा-वीस दिवसांनी बघून उपयोग नाही. तोवर मूळ कप्प्याच्या तळाला लागून गोल फिरलेलं असतं आणि चांगलं-वाईट सगळं सारखंच दिसतं. मिरची उशिरा उगवते, तिला चार-पाच दिवस जास्त द्या.

कप्प्यातला गोळा खालनं बोटानं ढकलून अख्खा काढा आणि पाण्याच्या वाडग्यात सोडून द्या. ओढू नका. पाच मिनिटांत कोकोपीट आपोआप सुटून तळाला बसतं. मग देठाला धरून रोप पांढऱ्या बशीत ठेवा, बशीत बोटभर पाणी असू द्या. कोवळ्या भेंडीवर असते तशी लव मुळाच्या टोकामागं दिसली पाहिजे. सोटमुळातून बाजूची मुळं फुटायला लागलेली असतील आणि त्यांच्यावरही लव असेल, तर कल्चर चाललंय. वर पान हललं नसेल तरी चाललंय.

कारण या जिवाणूंचा पहिला परिणाम मुळावर होतो. १९७९ मध्ये बाजरीच्या रोपांवर झालेल्या एका प्रयोगात हेच दिसलं. ॲझोस्पिरिलम ब्रासिलेन्स हा जिवाणू ऑक्झिन हे वाढीचं संप्रेरक सोडतो, त्याबरोबर जिबरेलिन आणि सायटोकायनिन या दुसऱ्या संप्रेरकांसारखी द्रव्यंही सोडतो, आणि अशा रोपांना बाजूची मुळं जास्त फुटून त्यांच्यावर दाट लव येते. लव म्हणजे पाणी आणि अन्न शोषायची जागा. वरची वाढ त्याच्यामागनं येते. बाटलीचा निकाल आठव्या दिवशी पानावर शोधणारे इथंच फसतात आणि दुसरा डोस सोडतात.

बशीत बघताना गाठी दिसल्या तर थांबा. शेंगवर्गातल्या पिकाला रायझोबियमच्या गाठी येतात, त्या मुळाला चिकटलेल्या असतात, नखानं सुटतात आणि फोडल्या तर आतनं गुलाबी. टोमॅटो-मिरचीच्या मुळाला गाठी म्हणजे जिवाणूंची कृपा नव्हे. मूळच फुगलेलं असतं, गाठ सुटत नाही. ती सूत्रकृमी. ट्रेमध्ये क्वचित, पण मातीच्या गादीवाफ्यावर तरू टाकणाऱ्यांकडं हमखास दिसते.

बाटली वाचा

आपल्याकडं लेबल कन्नडमध्ये नाहीतर इंग्रजीत. मराठी शाळेत शिकलेली जुनी माणसं बाटली झाकणाच्या रंगावरून ओळखतात. माझ्याकडं एक मामा येतात, त्यांनी दोन हंगाम कल्चर समजून ह्युमिक ॲसिड सोडलं, कारण झाकण तेच हिरवं. सातवीतल्या नातवानं वाचून दाखवलं तेव्हा कळलं. पोराला शाळेत कन्नड आहे, त्याचा असा उपयोग.

वाचायचं काय? जिवाणूचं नाव, तयार केल्याची आणि मुदत संपायची तारीख, आणि जिवंत पेशींचा आकडा. खत नियंत्रण आदेशाप्रमाणं पावडरीत ग्रॅमला किमान ५ कोटी आणि पातळ कल्चरात मिलीलिटरला किमान १० कोटी जिवंत पेशी लागतात. हा आकडा मुदतीच्या आत आणि सावलीत ठेवलेल्या मालाचा. दुकानाच्या काचेत उन्हाला ठेवलेली बाटली, गाडीच्या डिकीत दुपारभर राहिलेलं पाकीट, पत्र्याच्या शेडमधलं कपाट, यात आत काय उरलं असेल ते देव जाणे. मी घेताना मागच्या फळीवरची मागतो.

मेलेल्या कल्चरचं लक्षण पहिलं: काहीच फरक नाही.

पाणी

बेळगाव शहरात आणि लगतच्या काही वस्त्यांत नळाला राकसकोप नाहीतर हिडकलचं पाणी येतं, म्हणजे क्लोरिन घातलेलं. क्लोरिन जिवाणू मारायलाच घालतात, त्यात कल्चर ओतणं म्हणजे विकत घेऊन मारणं. उघड्या बॅरलमध्ये रात्रभर ठेवा, दोन-चारदा ढवळा, सकाळी वापरा. विहिरीत नुकतीच ब्लीचिंग पावडर टाकली असेल तर तेच. ट्रे ब्लीचिंगच्या पाण्यात धुता? चांगलं करता, पण साध्या पाण्यानं पुन्हा खळबळून वाळवल्याशिवाय भरू नका.

कल्चर संध्याकाळी सोडा. दुपारी शेडनेटखालीही वरचं कोकोपीट हाताला चटकतं.

आधी काय फवारलं होतं?

हा प्रश्न विचारला की बरेच जण आभाळाकडं बघतात. मर (वरचं चौथं लक्षण) येऊ नये म्हणून कॉपर ऑक्सिक्लोराइड ओतलेलं असतं, करपा दिसला म्हणून स्ट्रेप्टोसायक्लिन मारलेलं असतं, आणि तिसऱ्या दिवशी कल्चर. स्ट्रेप्टोसायक्लिन हे प्रतिजैविक, तांबं जिवाणूंनाही मारतं. मग कल्चर काय करणार? बियाण्याला प्रक्रिया करताना क्रम ठरलेला आहे: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, सगळ्यात शेवटी जिवाणू, आणि ते लावल्यावर बी सावलीत सुकवायचं. ट्रेवर ओतताना मी आठ दिवसांचं अंतर ठेवतो. विकतचं संकरित बी रंगीत येतं, त्याला औषध आधीच लावलेलं असतं. त्यामुळं अशा बियाला वरनं कल्चर चोळण्यापेक्षा उगवल्यावर ट्रेमध्ये सोडणं किंवा लावणीच्या वेळी मुळं बुडवणं मला बरं वाटतं.

ट्रायकोडर्मा ही स्वतःच बुरशी. त्यावर कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक मारून नंतर "ट्रायकोडर्मा लागू पडत नाही" म्हणणारे मी मोजायचे सोडून दिलेत.

डोस. इथं मी स्वतः चाळीस ट्रे घालवलेत.

पाच वर्षांपूर्वी कोबीचे चाळीस ट्रे होते, म्हणजे जवळजवळ चार हजार रोपं. पातळ कल्चर आणलं होतं. लेबलवरचा डोस मला कंजूष वाटला. दोनशे लिटरच्या बॅरलमध्ये दोन किलो गूळ, मूठभर बेसन आणि बाटली टाकून चार दिवस मुरवलं, जीवामृताच्या सवयीनं. वासही झकास आला. तेच पाणी न पातळ करता दोन दिवसांआड तीनदा सोडलं. दहाव्या दिवशी बशीत बघितलं तर मुळं अर्ध्या इंचावर थांबलेली, जाड, टोकं तपकिरी. लव नावाला नाही. माझे वडील बशीत वाकून म्हणाले, "हे काय, मुळ्याचं बी पेरलंस व्हय?"

ही खुंटाची भानगड समजून घ्यायला थोडं आत जावं लागतं.

जिवाणू ऑक्झिन बनवतो ते बहुतेक ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून. ते उगवत्या बियातून आणि मुळातून झिरपतं, आणि डाळीच्या प्रथिनातही असतं. बनलेलं ऑक्झिन म्हणजे इंडोल ॲसेटिक ॲसिड. मुळाला ते लागतं फारच थोडं. जेवढ्यानं खोड वाढतं तेवढ्यानं मूळ थांबतं, इतका दोघांच्या भुकेत फरक आहे. थोडं मिळालं की बाजूची मुळं आणि लव. जास्त झालं की रोप स्वतःच्याच पेशींत एथिलिन बनवायला लागतं, आढीत केळी पिकवतो तो वायू, आणि एथिलिननं सोटमुळाची लांबी थांबते. म्हणजे चौपट डोसनं चौपट वाढ होत नाही. एका हद्दीपुढं वाढ उलटी फिरते.

त्यात बेसन-गुळाच्या उघड्या बॅरलमध्ये चार दिवसांत वाढतं ते तुमचंच कल्चर असेल याची काही हमी नाही. गुळाच्या पाण्याला कोणीही येतं. शिवाय ते गोड पाणी ट्रेवर पडलं की वर हिरवट-पांढरी बुरशी धरते आणि बारीक काळ्या माश्या घोंगावतात, त्यांच्या अळ्या कोवळी मुळं खातात. माझ्या ट्रेंत दोन्ही होतं.

काही जिवाणू याच्या उलट बाजूनंही मदत करतात. स्यूडोमोनासचे काही वाण एथिलिनचा कच्चा माल, एसीसी नावाचं द्रव्य, मुळापाशीच खाऊन टाकतात, त्यामुळं ताणातलं मूळ थांबत नाही. पण कुठल्या बाटलीतला वाण काय करतो हे लेबल सांगत नाही. म्हणून तपासणी घरच्या घरी करावी लागते, ती अशी.

एकाच बियाचे, एकाच दिवशी भरलेले दोन ट्रे घ्या. ९८ कप्प्यांचा ट्रे मधोमध खुणेच्या काडीनं विभागला की चार अर्धे मिळतात. पहिल्याला नुसतं पाणी. दुसऱ्याला लेबलवरचा डोस. तिसऱ्याला दुप्पट. चौथ्याला लेबलचाच डोस, पण कल्चर आधी दहा मिनिटं उकळून थंड केलेलं. दहाव्या दिवशी प्रत्येकातली पाच-पाच रोपं बशीत.

उकळलेल्याची लोकांना मजा वाटते, पण सगळ्यात जास्त तोच बोलतो. उकळल्यावर जिवाणू मेले. (बॅसिलस सोडून. त्याचे बीजाणू उकळीतही तगतात, त्या बाटलीला ही चाचणी लागू नाही.) तरीही त्या अर्ध्याची वाढ जिवंत कल्चरइतकीच झाली, तर ती वाढ जिवाणूंची नव्हे. ती बाटलीतल्या अन्नाची, किंवा कुणी आत तयार संप्रेरक मिसळलं असेल तर त्याची. तसं मिसळलेलं द्रव्य दहा मिनिटांच्या उकळीनं नाहीसं होत नाही. बॅसिलस नसलेल्या दर नव्या बाटलीला मी ही चाचणी करतो. एका बाटलीचा चौथा अर्धा दुसऱ्यापेक्षा उंच निघाला होता. ती पुन्हा आणली नाही.

दुसरा आणि तिसरा अर्धा सारखेच असतील तर दुप्पट घालून फक्त पैसे गेले. तिसऱ्यात खुंट दिसला तर तुमची हद्द सापडली.

कोकोपीट

आता इथनं थोडा खर्च. कोकोपीटमध्ये मीठ राहिलेलं असतं, विशेषतः स्वस्त विटांत. मिठाचं लक्षण आणि जास्त डोसाचं लक्षण हुबेहूब: आखूड मूळ, तपकिरी टोक, करपलेली पानाची कड. फरक एकच, मीठ असेल तर कल्चर न सोडलेला ट्रेही खुंटतो. बघा, पुन्हा तोच ट्रे कामाला आला.

ईसी मीटर, म्हणजे पाण्यातले क्षार मोजायचं यंत्र, हजाराच्या आसपास मिळतो, चार नर्सरीवाल्यांनी मिळून घेतला तरी चालतो. भिजवलेलं कोकोपीट मुठीत पिळून निघालेल्या पाण्यात बुडवायचा. आकडा १ च्या (मिलिसीमेन्स प्रति सेंटीमीटर) वर असेल तर भिजवा, निथळवा, पुन्हा भिजवा. पाच किलोच्या विटेला मी तीन पाणी देतो. बोअरचं पाणी खारट असेल तर धुण्यालाच अर्थ उरत नाही, आधी पाण्याचा आकडा घ्या. अथणी, कागवाड बाजूला हे जास्त.

याच मीटरनं १९:१९:१९ या विद्राव्य खताचा अतिरेकही पकडता येतो. पाचव्या दिवसापासून रोज खत पाजणाऱ्यांच्या ट्रेमध्ये जिवाणू असले काय, नसले काय, फरक दिसत नाही.

लांबट तरू

पेरून ट्रे एकावर एक रचून प्लास्टिकनं झाकतो ना? कोबीला तिसऱ्या दिवशी उघडायला हवं. एक दिवस उशीर झाला की देठ पांढरा आणि लांब होतो, आणि दोष मात्र कल्चरच्या माथी. शेडनेट दुहेरी असेल तरी तेच.

भाताचा तरवा करणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट, कारण खानापूर आणि येळ्ळूरकडनं हा प्रश्न येतो. वाफ्यात काही रोपं बाकीच्यांपेक्षा वीतभर उंच, फिकट, बारीक. ते कल्चरचं यश नव्हे. तो बकाने रोग असू शकतो. फ्युझारियम बुरशी स्वतः जिबरेलिन सोडते आणि रोप ताणलं जातं. कुरोसावा या जपानी शास्त्रज्ञानं १९२६ मध्ये दाखवून दिलं की नुसत्या बुरशीच्या गाळलेल्या पाण्यानंही भाताचं रोप असंच वाढतं. जिबरेलिनचा शोध तिथनं लागला. बासमतीच्या बऱ्याच जातींना हा रोग लवकर लागतो. अशी रोपं लावणीला घेऊ नका, उपटून वाफ्याबाहेर टाका, आणि पुढच्या वर्षी बी पेरायच्या आधी १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बुडवा. तरंगतं ते टाका, बुडतं ते दोनदा धुऊन सावलीत सुकवा. रोगट बी बहुधा हलकं असतं.

इथं थांबा आणि जाणकाराकडं जा

चौथं लक्षण असेल आणि एका कोपऱ्यातली मर दोन दिवसांत शेजारच्या ट्रेमध्ये गेली असेल, तर घरचे प्रयोग बंद. ते ट्रे वेगळे काढा, पाणी तोडा आणि त्याच दिवशी दाखवा. मुळाला न सुटणाऱ्या गाठी असतील तरी तेच, कारण तो तरू शेतात गेला की सूत्रकृमी शेतात गेली. आणि पाणी, कोकोपीट, डोस तिन्ही सुधारून दुसरी खेपही खुंटली, तर बी किंवा पाण्याचं काहीतरी असेल, ते बशीत दिसत नाही.

पहिली पायरी होबळीचं (तालुक्याखालचा विभाग) रयत संपर्क केंद्र, म्हणजे कृषी खात्याचं कार्यालय. बैलहोंगल बाजूला मत्तिकोप्पचं कृषी विज्ञान केंद्र आहे, गोकाक-रायबागवाल्यांना अरभावीचं उद्यानविद्या महाविद्यालय जवळ, आणि सूक्ष्मजीवांची खरी तपासणी हवी असेल तर धारवाडचं कृषी विद्यापीठ. तिथं कल्चर टप्प्याटप्प्यानं पातळ करून वाढवतात आणि जिवंत पेशी मोजतात. ऑक्झिन बनतंय का हे बघायला सालकोव्स्कीचं द्रावण घालतात, गुलाबी रंग आला की आहे. कन्नडची अडचण वाटत असेल तर लक्षणं, तारखा आणि काय काय सोडलं ते एका कागदावर उतरवून पोराकडनं कन्नडमध्ये लिहून घ्या. तेवढ्या कागदानं अर्धा तास वाचतो.

नेताना उपटलेली रोपं पिशवीत कोंबून नेऊ नका, अख्खा ट्रे न्या. बिघडलेला एक, बरा एक. कल्चरची बाटली, बियाचं पाकीट आणि बिल, आणि स्वच्छ बाटलीत लिटरभर पाणी.

आणि आज जो तरू खुंटलेला आहे त्याचं काय? डोस जास्त झाला असेल किंवा मीठ असेल तर साध्या, क्लोरिन उडालेल्या पाण्यानं ट्रे खालनं निथळेपर्यंत धुवा, दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा. मग पाच दिवस काहीही सोडू नका, अगदी खतसुद्धा. सहाव्या दिवशी दोन रोपं बशीत घ्या. जुन्या तपकिरी मुळावर नवी पांढरी टोकं दिसली तर तरू वाचतोय, लावण आठवडाभर पुढं ढकला. नाही दिसली तर पुन्हा पेरा. कोबीला पुन्हा पंचवीस दिवस जातील, पण त्या चाळीस ट्रेंमधला अर्धा तरू मी तसाच लावला होता आणि त्या रानात गड्डा धरलाच नाही.